उत्तरेची जागा

बाबा, आज आमच्या ऑफिसात तुमचा विषय निघाला. म्हणजे काढला मीच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि माझं काम काय, हे तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही, म्हणून पेणकरपाड्याच्या घरी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. गॅसवर सुक्या बोंबलांचं कालवण रटरटतंय. वरच्या मजल्यावरच्या भाभी आता खिडकी लावून घेतील आणि उद्या लिफ्टमध्ये हसून म्हणतील, "कल फिर वही बनाया ना?"

तर काम असं. पृथ्वीबरोबर फिरणारे, खालून एकाच जागी उभे दिसणारे उपग्रह विषुववृत्तावरच्या एकाच कड्यात असतात. त्यातल्या चांगल्या जागा आधी आलेल्यांनी धरून ठेवल्यात, उशिरा आलेल्यांनी बघत बसायचं. आम्ही कागदावर असा उपग्रह मांडतोय, ज्याला शीड आहे. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, चंदेरी, आणि मासळी सुकवायच्या आपल्या अख्ख्या खळ्याहून मोठं. तिथे वारा कुठला, पण ऊनसुद्धा ढकलतं, बाबा, अगदी हळू. शीड नेमकं तिरकं धरलं तर त्या रेट्यावर उपग्रह कड्याच्या जरासा उत्तरेला राहून फिरू शकेल. असा एकही अजून वर गेलेला नाही, जाईल की नाही तेही माहीत नाही. पण गणित जुळतं, आणि मला या कामात फार मजा येते.

हे उत्तरेला सरकणं मी पहिल्यांदा उत्तनला आपल्या ओट्यावर ऐकलं. किनाऱ्यावरून दर्या मोकळा दिसतो, पण कुठल्या घराने पाण्याखाली खुंट कुठे रोवायचा आणि त्याला डोलीचं पिशवीसारखं जाळं कुठे लावायचं, हे बापाकडून मुलाकडे आलेलं. मी शाळेत असताना आपल्या आळीत बाहेरगावचं एक घर राहायला आलं. होडी होती, जागा नव्हती. गावाने नाही म्हटलं. त्या संध्याकाळी त्या घरचा कर्ता माणूस आपल्या ओट्यावर येऊन बसतो, काही मागत नाही, नुसता बसतो. आई चहा आणते. तुम्ही जाळं सांधताय, मान वर न करता म्हणता, "माज्या खुंटाच्या उत्तरेला लाव. गावाला मी सांगतो." मी आतून तणतणत बाहेर आले, की आपली मासळी यांच्या जाळ्यात जाईल. तुम्ही डोळे वटारलेत. "दर्या तुज्या बापाचा हाय काय?" मी म्हटलं, हो. आई इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला, आणि मग तुम्हालाही राहवलं नाही.

आजच्या बैठकीत आमचं काम पुढे चालवायचं की गुंडाळायचं, ते ठरणार होतं. रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. मोठ्या साहेबांनी तेच विचारलं ज्यावरून मी ओट्यावर तणतणले होते: शेजारी कोणी येऊन बसलं की आधीच्यांना त्रास होणारच, मग ते का ऐकतील? माझ्याकडे उत्तराचे तक्ते तयार होते. ते बाजूला ठेवून मी तुमच्या खुंटाची गोष्ट सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या वडिलांची मासळी कमी झाली का?"

"झाली," मी म्हटलं. "पण घर चाललं."

साहेब म्हणाले, वर्षभर चालू द्या, मात्र शेजाऱ्याला झळ किती बसते ते आधी काढा, लपवू नका. इतका आनंद झाला की घरी आल्या आल्या बोंबील भिजत घातले. बोंबील त्या बाहेरगावाहून आलेल्या घरचेच. ते अजून दरवर्षी पाठवतात, आणि नको म्हटलं तर रागावतात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, तेव्हा एक सांगून टाकते. त्यांना जागा दिलीत त्या साली जेवताना तुम्ही आम्हाला सांगायचात, "औंदा सगल्यांचीच मासली कमी हाय." मी मान डोलवायचे, कारण आम्ही ते खरं मानावं असं तुम्हाला फार वाटत होतं. पण वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालायला आईबरोबर मीच जायचे. शेजारच्या वलांड्या भरलेल्या होत्या, बाबा. मी पाहिलं होतं.