चुलीवर टांगलेले कागद

धसई, माघातला सोमवार, १९३८

आज माझं काळं पुडकं जिंकलं. हे लिहिल्याशिवाय चूल पेटवायची नाही.

मामंजींच्या, म्हणजे भावजींच्या आबांच्या, भाताच्या दुकानाचे कागद वाटणीत निम्मे निम्मे झाले. पत्रं, पावत्या, लग्नाच्या कुंकुमपत्रिकासुद्धा. भावजींनी आपले लाकडी पेटीत घालून पेटी देव्हाऱ्याखाली जमिनीवर ठेवली. मी माझे पुडक्यात बांधून काकडीच्या बियाण्याशेजारी चुलीवर टांगले. बी धुरात टिकतं, मग कागद का नाही टिकणार? तेव्हापासून भावजी येताजाता टोचायचे, "वहिनी, आबांना धुरी देताय काय?"

आज कल्याणहून जुने कागद जमवणारे एक मास्तर आले. भावजींनी ऐटीत पेटी उघडली. आत नुसती वाळवीची माती! मी शिडी लावून पुडकं उतरवलं. काळं, धुराचा वास मारणारं, पण अक्षर न् अक्षर शाबूत. मी टोमणा तयारच ठेवला होता. पण मास्तर मामंजींचं पत्र मोठ्यानं वाचायला लागले आणि भावजींनी उपरण्यानं डोळे पुसले. मग मी पुढचं पत्र मास्तरांपुढे सरकवलं. मी, आणि टोमणा गिळला!

मास्तर पुडकं मागत होते. "नाय. इथं बसून नक्कल उतरवून घ्या," मी म्हटलं.

नंतर शिडी भावजींनीच धरली. "वहिनी, वरच टांगा हां. आणखी वर."

आता पेटवते चूल.