दोष लेन्सचाच

१२ एप्रिल, शुक्रवार
लेन्स आली! चिखलीच्या देवानंदने स्टुडिओ बंद केला, त्याच्या कपाटातली. पन्नास एमएम, फुल मॅन्युअल, फोकस हाताने फिरवायचा, अस्सल धातू. अडॅप्टर लावून माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. कॅमेरा म्हणतो, लेन्सच नाही. मग पुढे लावलंय ते काय, वांगं?

तीस तारखेला जानेफळला माझी थोरली बहीण सिंधूताई रिटायर होतेय. जन्मभर अंगणवाडी चालवली तिने. फोनवर म्हणाली, "धम्मा, साऱ्या फोटोत मी पोरायच्या मागं, नाहीतर साहेबाच्या बाजूले. माहा एकटीचा एक फोटो काढजो, भितीवर लावाले." मला कडेवर घेऊन वाढवलंय ताईने. तिथल्या फोटोग्राफरला येऊ नको म्हणून कळवून टाकलं.

१३ एप्रिल
मेनूत 'लेन्सशिवाय शटर' असं काहीतरी ऑन करावं लागतं. मेनूची अक्षरं मुंगीएवढी. कंपनीला अक्कल नाही. बायकोकडून, महामायाकडून, वाचून घेतली. शटर पडलं! फोटो ब्लर. आत बुरशी असणार.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. भरपूर फोटो. सगळे ब्लर. हवेत नीळ फार होती.

१७ एप्रिल
बुरशी मरावी म्हणून लेन्स गच्चीवर उन्हात ठेवली, कुरडयांशेजारी. महामाया म्हणाली, लेन्स राहू द्या, एकदा डोळे दाखवून या. माझे डोळे? रस्त्यापलीकडच्या एसटीची पाटी मी इथून वाचतो! बायकांना टेक्निकल गोष्टी समजावत बसण्यात अर्थ नाही. पेपरची छपाईसुद्धा हल्ली बिघडली आहे. हात लांब करून धरला तरच जरा बरी वाटते.

२१ एप्रिल
अडॅप्टरच लूज आहे. दुसरा मागवला. उद्यापासून पहाटे उठून फोकसची प्रॅक्टिस. रोज. सुट्टी नाही.

२२ एप्रिल
झोप लागली.

२६ एप्रिल
नवा अडॅप्टर. तसंच ब्लर. जेवण गोड लागेना. ताईला शब्द दिलाय.
मग यूट्यूबवर एकाने तोड सांगितली. एक सेटिंग आहे, जिथे फोकस बसतो तिथे स्क्रीनवर लाल रेघा येतात. चालू केलं. रेघा ठसठशीत! मनात म्हटलं, जिंकलो. फोटो काढून बघतो तर पुन्हा ब्लर. आता कॅमेरासुद्धा खोटं बोलायला लागला.

३० एप्रिल
समारंभ झाला. निंबाखाली खुर्ची टाकून ताईला एकटीला बसवलं. मोरपंखी साडी, गळ्यात हार. आधी हात कुठे ठेवावे तेच तिला कळेना. तेवढ्यात तिच्या पहिल्या वर्षातली पोरं, आता सगळी बापे अन् बाया झालेली, समोर रांगेत उभी राहून बडबडगीत म्हणायला लागली. ताई अशी हसली की बस! असं हसताना मी तिला आजवर पाहिलंच नव्हतं. दुसरा इलाज नव्हता म्हणून लाल रेघांवर भरवसा ठेवला आणि दणादण फोटो काढले.
परतीच्या बसमध्ये बघितले. सगळे ब्लर. डोकं फिरलं. चिखली येईपर्यंत एकेक करून डिलीट केले. असले फोटो दाखवून ताईचं मन दुखवण्यापेक्षा हे बरं.

१ मे
सुट्टी. संताप काही जाईना. गच्चीवरून टेस्ट फोटो काढत सुटलो, पार कार्ड भरेपर्यंत. लेन्स भंगारात जाणार हे नक्की.

४ मे
बीपीची म्हणून सर्दीची गोळी घेतली. महामायाने सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेलो, एकदाचं तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. निघाला जवळचा दोन नंबर. डॉक्टर तरुण आहे, अनुभव कमी.

६ मे, सोमवार
चष्मा आला. कॅमेरा उघडला. गच्चीवरचे टेस्ट फोटो बघितले. टाकीवरचा गंज, निंबाच्या पानाच्या शिरा, सगळं लख्ख. आधी चष्म्यावरच संशय घेतला. महामायाला दाखवले. ती म्हणाली, चांगलेच तर आहेत.
समारंभाचा एक फोटो डिलीट करायचा राहून गेला होता. मोरपंखी साडीचा काठ, धागा न् धागा मोजावा असा. मांडीवर ताईचे हात. वर हार. त्याच्या वर फ्रेम संपली, ताईचं तोंड नाही. बाकीचे परत मिळतील का, दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, त्यांच्यावर टेस्ट फोटो बसलेत, आता नाही मिळणार.
चूक माझी आहे. हे इथे लिहिलं, बाहेर कोणाला सांगणार नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. भिंतीत खिळा ठोकून ठेवलाय म्हणे. म्हटलं, ताई, लेन्सनं दगा दिला, सगळे अंधुक आले, म्हणून पुसून टाकले.
ती म्हणाली, "अंधुकच देऊन द्याचा होता रे बापू. मले तरी आता कुठं साफ दिसते?"