हौसा व्हिडिओचा नंबर

मी, महादेव काशिराम घरत, वय एकसष्ट, धंदा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग (आता बंद), राहणार मौजे आपटा, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हा कागद आज माझ्या राहत्या घरी, ओटीवर बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करावं ते यात आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखला देताना त्यांनी विचारलं, काही दुःख, काळजी, निराशा? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, छान. काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही, बरं नाही आणि वाईटही नाही, असं मला म्हणायचं होतं. पण बाहेर पेशंटची रांग होती. मला कोणी भरीस घातलेलं नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

वकीलसाहेबांनी छापील मसुदा दिला होता. त्यात माझी सगळ्यात मोठी वस्तू 'इतर किरकोळ' या सदरात गेली होती, म्हणून तो बाजूला ठेवला.

कलम १. माझी पत्नी हौसा चार वर्षांपूर्वी वारली. मला दोन मुलं. मुलगा दीपेश, तळोजाला केमिकल कंपनीत पाळीवर आहे. मुलगी भाविका, खांदा कॉलनीत राहते, पतपेढीत नोकरीला आहे. यांच्याखेरीज मला कोणी वारस नाही. कोणी उपटलाच तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

कलम २. आपट्याचं घर. वडिलांचं मिठागर प्रकल्पात गेलं. मोबदल्यात माझ्या वाट्याला जसा भूखंड आला, तसेच भावकीतल्या इतरांनाही आले. ते विकून कोणी गाड्या घेतल्या, कोणी शर्यतीचे बैल घेतले. मी कॅमेरा घेतला आणि उरलेल्यात हौसाच्या माहेरी हे घर बांधलं. घरजावई म्हणून हसले, कॅमेरावाला म्हणून तर जास्तच हसले. गाड्या भंगारात गेल्या, बैल म्हातारे झाले, घर उभं आहे. ते दीपेश आणि भाविका यांना निम्मं निम्मं. दीपेशने राहावं, भाविकाने सणाला यावं, आणि मागच्या पेरूवरून भांडू नये.

कलम ३. बँकेतली ठेव भाविकास, हौसाचे दागिने सुनेस. दीपेशच्या फ्लॅटच्या हप्त्यांना मी जमेल तसा हातभार लावला आहे, तो वाटणीत धरू नये.

कलम ४. पनवेलला उरण नाक्यावरचा माझ्या दुकानाचा, 'हौसा व्हिडिओ'चा, गाळा भाड्याचा होता, तो परत केला आहे. आतलं कपाट माझं आहे, ते मी घरी आणलं आहे. त्यात लोकांनी न नेलेल्या लग्नाच्या कॅसेटी आहेत. त्या ज्याच्या त्याला फुकट पोचवाव्यात. काहींचे संसार मोडले आहेत असं ऐकतो. त्यांना आधी विचारावं.

कलम ५. माझा चुलतभाऊ बाळू. हौसाच्या मयतीला मी तिच्या पायांशी उभा होतो आणि तिच्या तोंडावर उजेड कुठून पडतोय ते बघत होतो. बाळू चारचौघांत म्हणाला, "बायको गेली तरी याच्या डोल्याला पानी नाय." बोलला ते खरं होतं. तरी ती बोलायची वेळ नव्हती. बाळू यास माझ्या मिळकतीतून काहीही जाऊ नये. बाराव्याला जेवायला बोलवावं, त्याला बोंबील आवडतात, पण त्या दिवशी ते नसतील.

कलम ६. पत्र्याची पेटी आणि तिच्यातल्या कॅसेटी. हे कलम लांब आहे, साक्षीदारांनी दम धरावा.

मुंबईचे विश्वजीत हे माहितीपट काढतात. क्रांती आणि यादवी युद्ध हा त्यांचा विषय. कुठे सरकार डुगडुगायला लागलं की यांची बॅग भरलेली. त्यांच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं. दोन हजार अकरा साली त्यांच्या कॅमेरामनला ऐन निघायच्या दिवशी ताप आला. तो ताप कसला ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मला नेलं. लेखी करार काही नाही. कोणता देश ते मी लिहीत नाही. मी गेल्यावर हा कागद कोणाकोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि ज्यांचे चेहरे माझ्याकडे आहेत त्यांतले काही अजून तिथेच राहतात.

चौकात माणसांचा समुद्र होता. राजवट पडणार म्हणून ढोल, गाणी, मोठमोठ्या पातेल्यांत भात. मला ती हळदच वाटली. आमच्या आगरी हळदीला कॅमेरावाल्याचा एक नियम असतो. मांडवातल्या एकूण एक माणसाचं तोंड घ्यायचं, सावकाश, कोणाला न गाळता. गाळलेला मामा वर्षभर बोलत नाही आणि पुढच्या लग्नाचं काम जातं. मी तिथेही तसंच केलं. माझ्याजवळ घरून आणलेल्या माझ्या कॅसेटी होत्या, त्या लावल्या. लोक कॉलर नीट करायचे, पोरांचे केस सारखे करायचे, म्हाताऱ्यांना पुढे ढकलायचे. माणसं सगळीकडे सारखीच.

विश्वजीत ओरडले, "महादेव, इथे लग्न लागलंय का? मला गर्दी दे, आग दे, झेंडे दे. एकेक तोंड काय घेत बसलास?"

मी म्हटलं, "सर, ज्याचं तोंड नाय आलं तो रुसंल."

लोक खुणेने विचारायचे, हे आम्हाला कुठे बघायला मिळेल? भाषा येत नव्हती. खिशात दुकानाची कार्डं होती. नंबराच्या आधी पेनाने +९१ लिहून मी ती वाटली. कार्ड दिलं म्हणजे शब्द दिला. कॅसेटीत ज्याचं तोंड आलं त्याला कॉपी मागायचा हक्क, हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. त्यात क्रांतीला सूट असते असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे राजवट पडली, आणि ज्यांनी मिळून पाडली ते एकमेकांवर पडले. विश्वजीत मला पुन्हा घेऊन गेले. आधीच्या कॅसेटीत दोन तरुण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. ते दोघे मला दोन वेगवेगळ्या चौक्यांवर बंदूक घेऊन भेटले. दोघांनी मला ओळखलं. दोघांनीही दुसऱ्याचं नाव घेऊन खुणेने विचारलं, तो कसा आहे? मी दोघांनाही सांगितलं, बरा आहे. त्यानंतर जे घेतलं ते विश्वजीत यांच्या फिल्ममध्ये आहे, ज्याला बघायचं त्याने बघावं. मी पाहिलेली नाही. घेताना पाहिलं तेवढं पुरे.

परत आलो तेव्हा माझ्यातलं काहीतरी बंद पडलं होतं. हळदीला ढोल वाजला की पूर्वी माझा पाय हलायचा, तो हलेना. जेवणाची चव लागते, झोप लागते, नातवाचं नाव लक्षात राहतं. फक्त आत काही पोचत नाही. हौसा म्हणायची, देवाला जाऊन येऊ. जाऊन आलो. ही तक्रार म्हणून लिहीत नाही. मालमत्तेचं विवरण द्यायचं तर सगळंच द्यावं.

चेहऱ्यांचा भाग तिकडे दाखवू नका असं मी विश्वजीत यांना बजावलं होतं. त्यांनी माझ्याकडून उसनी नेलेली एक कॅसेट वापरून फिल्ममध्ये थोडे चेहरे लावलेच, का तर शेवट हळवा होतो. फिल्म परदेशांत फिरली, बक्षिसं मिळाली, मग फुकट कोणालाही बघता येऊ लागली. त्या थोड्या चेहऱ्यांतल्या काहींना पुढे घरातून उचलून नेलं. ते परत आले नाहीत. हे मला त्यांच्यातल्याच एकाच्या बहिणीने सांगितलं. विश्वजीत यांना मी हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, फारच वाईट. माझा त्यांच्यावर राग आहे का? असायला हवा. तो आहे असं समजून चालावं.

त्या बहिणीचाच फोन पहिला. हौसाने उचलला. म्हणाली, "कोन बाई रडते, आपल्या लग्नातली नाय वाटत." तेव्हापासून फोन येतात. आया, बायका, बहिणी. हातात जुनं कार्ड असतं. त्यांना आपल्या माणसाचं तोंड हवं असतं, बहुतेकांकडे तेवढंही उरलेलं नाही. कोणी मोडकंतोडकं हिंदी जाणणारं मध्ये असतं, त्याच्याकडून मी खाणाखुणा विचारतो, शर्टाचा रंग, दात, बाजूला कोण. कॅसेटीत शोधतो. सापडलं तर तेवढाच चेहरा काढून, आजूबाजूचे कापून पाठवतो. एक म्हातारी मुलाचं तोंड मिळाल्यापासून दर शुक्रवारी फोन करते. ती तिच्या भाषेत बोलते, मी हां हां करतो. तिला ते चालतं.

मध्यंतरी एका गृहस्थाचा फोन आला. हिंदी स्वच्छ, बोलणं गोड. त्याला सगळे चेहरे हवे होते, अभ्यासासाठी. कोणाचा अभ्यास ते सांगेना. यावरून मी एक नियम केला आहे आणि तो माझ्यामागेही पाळावा: ज्याला एक चेहरा हवा त्याला द्यावा. ज्याला सगळे हवेत त्याला एकही देऊ नये.

आता विश्वजीत यांनाही सगळ्या कॅसेटी हव्या आहेत. परदेशी कंपनी मोठी मालिका काढते आहे, पैसेही चांगले देणार आहे. ते वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्या हातून त्या पुढे कोणाच्या हातात जातील ते त्यांनाही सांगता येणार नाही, आणि तिथे आज जे गादीवर आहेत त्यांना ते चेहरे मिळाले तर हवेच आहेत. दीपेशचं मत द्यावं असं आहे. तो मला म्हणाला, "बाबा, माझे हप्ते चाललेत आणि तुमी मेलेल्या लोकांची तोंडं धरून बसलाव. तुमाला तरी काय वाटतं त्यांचं?"

मी म्हटलं, "मला काय वाटत नाय. दिलेला शब्द हाय."

"मंग?"

मी पेटीचं झाकण लावलं.

कलम ७. ~~सबब, पत्र्याची पेटी, तिच्यातील सर्व कॅसेटी, त्या चालवायचा जुना कॅमेरा आणि हौसा व्हिडिओचा मोबाईल नंबर ही माझी मुलगी भाविका हिला. दीपेशचा यांवर कोणताही हक्क राहणार नाही.~~ नंबर कधीही बंद पडू देऊ नये, वेळेवर रिचार्ज करावा. वारसाच्या नावावर करून घ्यावा. रात्री-अपरात्री वाजला तरी उचलावा, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. कॅसेटी कोणत्याही कारणास्तव विकू नयेत.

(वरील कलमातली पहिली दोन वाक्यं मी स्वतः खोडली आहेत. खोडीशेजारी माझी सही आहे. कारण खाली लिहितो.)

कलम ८. आज सकाळी एवढं लिहून झाल्यावर मी साक्षीदारांना बोलावलं. शेजारचे कुंदन कडू चष्मा शोधत होते, चारुता ठाकूर मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या, भाविका आत चहा टाकत होती. दीपेश पाळीवरून नुकताच आला होता आणि कलम ७ वाचून माझ्याशी बोलत नव्हता. तेवढ्यात नंबर वाजला, व्हिडिओचा फोन. माझ्या हातात पेन होतं, म्हणून दीपेशने उचलला. उचलला तो कापायलाच.

पडद्यावर एक मुलगी होती, तिला थोडं हिंदी येत होतं. तिला तिच्या आजीच्या मुलाचं तोंड हवं होतं, हिरवा स्वेटर, डोक्यावर भाकऱ्यांची थाळी. दीपेश म्हणाला, आता वेळ नाही, नंतर करा. मग मुलीला बाजूला सारून आजीच पुढे आली. तिने आमचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. कार्डावर नवरीचा फोटो आहे. धंदा सुरू केला तेव्हा मॉडेलला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून आमच्याच लग्नातला हौसाचा फोटो छापला होता, मुंडावळ्या बांधलेला. दीपेश ते कार्ड बघतच राहिला. आमच्याकडे त्यातलं एकही उरलेलं नाही.

आजी काहीतरी म्हणाली. मुलीने सांगितलं, "दादी पूछती हैं, ये दुल्हन कैसी है? ठीक है ना? हमारे यहाँ इतने साल दीवार पे थी, दादी रोज़ देखती हैं।"

दीपेश म्हणाला, "नाय. गेली. माझी आय होती ती."

मुलीने 'आय' म्हणजे कोण ते विचारून घेतलं आणि आजीला समजावलं. आजीने कार्ड खाली ठेवलं आणि तोंडाला ओढणी लावून रडली. कधी न भेटलेल्या हौसासाठी, मोठ्याने, जसं आपल्या घरचं माणूस गेल्यावर रडतात तसं. दीपेशही रडला. मयतीच्या दिवशी तो माणसांची सोय बघत होता, तेव्हा त्याचं रडायचं राहून गेलं होतं. भाविका बाहेर आली आणि दारातच थांबली. मी त्या सगळ्यांकडे बघत होतो. मला रडू आलं नाही, ते खोटं लिहिणार नाही.

मग दीपेशने पेटी ओढली. फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "आये, थांब. जाव नको. दावतो तुजा पोर." तिला त्यातलं अक्षर कळलं नसेल. ती थांबली. एकामागून एक कॅसेट लावून त्याने हिरवा स्वेटर शोधला. मी जागा सांगू का विचारलं, तर हाताने गप्प केलं.

सबब, पेटी, कॅसेटी, कॅमेरा आणि नंबर हे सर्व माझा मुलगा दीपेश यास. भाविकाने हसून संमती दिली आहे. हे काम मी इतकी वर्षं शब्द दिला म्हणून केलं. ज्याला वाटतं त्याच्या हातात ते असलेलं बरं. कॅसेटी न विकण्याची अट तशीच ठेवली आहे. आता तिची गरज नाही, पण वकील विचारतील.

हे सर्व मी वाचून पाहिलं, ते माझंच आहे, आणि त्याखाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

(सही) महादेव काशिराम घरत

साक्षीदार:
१. कुंदन पांडुरंग कडू, निवृत्त एसटी चालक, आपटा. सही माझ्यासमोर झाली. चष्मा सापडला होता.
२. चारुता ठाकूर, मुख्याध्यापिका, आपटा. सही माझ्यासमोर झाली. त्या वेळी फोन चालूच होता. पलीकडच्या बाईंनी हे काय लिहिता असं विचारलं, दीपेशने सांगितलं. आपल्या मुलाचा सापडलेला चेहरा समोर असतानाच त्या आमच्याबरोबर बसल्या आणि शेवटची सही होईपर्यंत पाहत राहिल्या.

स्थळ: मौजे आपटा, तालुका पनवेल
दिनांक: १८ जानेवारी २०२६, रविवार