वेस्नाची वेसण

पुकेकोहे,
११ मे २०१४

आदरणीय वासंतीताई,

तुला आणि दाजींना धाकट्या शकूचा सप्रेम जयभीम. येत्या बुधवारी बुद्धपौर्णिमा. तुझ्या हातच्या खिरीतली माझ्या वाटणीची वाटी दाजींना न देता (त्यांची साखर मला ठाऊक आहे) शेजारच्या पोरांना दे. तुझा गुडघा काय म्हणतो? नाशिकरोडला ऊन मी म्हणत असेल, आणि इथे मी स्वेटरवर स्वेटर घालून कोबीच्या गड्ड्यासारखी बसलेय. हे पत्र उघडताना तुझ्या पोटात गोळा येऊ नये म्हणून आधीच सांगते, यात तुला न्यूझीलंडला ये असं मी एका अक्षराने म्हणणार नाही. आजवर म्हटलं तेवढं पुरे झालं. पहिल्यांदा तुझे पापड वाळायचे होते. मग नळाला मीटर बसवायला माणूस येणार होता. शेवटी तू दाजींच्या मोतीबिंदूवर ढकललंस, आणि दाजींनीच फोनवर सांगून टाकलं की तो अजून पिकायचाय. खरं कारण सगळ्या भावकीला माहीत आहे. दुष्काळात दोर धरून विहिरीत उतरलेली बाई तू, आणि तुला विमानाची भीती वाटते! असो. माणसाने भित्रं असावं, पण एवढं?

तर इकडची हकीकत. सुनीती सकाळीच गाडी काढून ‘ते रापा’ नावाच्या गावच्या दुधाच्या कारखान्यात जाते (ती तिथे इंजिनिअर आहे, म्हशी पिळत नाही, हे तुझ्या शेजारणीला एकदा नीट सांग). जावईबापू ऑकलंडला, आरुषी शाळेत. मग घरात मी आणि भिंती. गावाभोवती जिकडे बघावं तिकडे लाल माती आणि कांद्याची शेतं. लासलगावच्या मुलखातून हजारो मैल आले ती पुन्हा कांद्यातच. पण इथली माणसं नाकाने कांदे सोलत नाहीत, भेटली की हसून ‘किआ ओरा’ म्हणतात आणि निघून जातात. निघून जातात, हेच वाईट. वर्गातली साठ पोरं सांभाळलेली मी. दिवसभर बोलायला कोणी नाही म्हटल्यावर जीभ वळेनाशी होते. हे गेल्यावर सुनीतीने मला हाताला धरून इथे आणलं ते मायेनेच, पण मायेशी गप्पा मारता येत नाहीत.

अशात एक दिवस मी बोंबील भाजले. घरात ते भाजायचे नाहीत असा धैर्यशीलचा नियम आहे (जावयाच्या नावात धैर्य आहे, पण शेजाऱ्यांना फार भितो). म्हणून मी मागच्या अंगणात शेगडी मांडली. वास सुटला तसा समोरच्या गोऱ्यांच्या घराच्या खिडक्या पटापट लागल्या. आणि डाव्या कुंपणावर एक डोकं वर आलं. काळा रुमाल बांधलेलं, ऐंशीच्या घरातलं, डोळे मिटून वास ओढत असलेलं. ताई, इतक्या महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला मिळालेली ती पहिली दाद! मी बशीत दोन तुकडे दिले, तिने ते उभ्या उभ्या संपवले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘वेस्ना.’ मला ऐकू आलं ‘वेसण’. मीही छातीवर हात ठेवून ‘शकू’ म्हटलं. तिला काय ऐकू आलं कोण जाणे, पण तेव्हापासून ती मला ‘चाकू’ म्हणायची.

ती डाल्मेशियाची, म्हणजे आताच्या क्रोएशियातली. (तो ठिपक्यांचा कुत्रा तिथलाच. आरुषीने हे मला सांगितलं आणि तिच्यासमोर बोलू नकोस अशी तंबीही दिली.) लग्न होऊन इकडे आली, नवऱ्याबरोबर द्राक्षाचे मळे केले, तो गेल्यावर मुलाने हे घर घेऊन दिलं. पन्नास वर्षं इथे राहून तिचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, त्यामुळे आमचं अगदी छान जमलं. तिच्या अंगणात अंजिराचं भलंमोठं झाड आहे. मी डब्यात चिवडा पाठवायचा, तिने त्याच डब्यात अंजिरं पाठवायची. रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत तिच्याकडेही आहे, हे कळल्यावर मला तर ती आपल्या नात्यातलीच वाटायला लागली. कुंपणाशी दोघी तासन् तास बोलायचो. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. तिलाही मागे राहिलेली एक बहीण आहे एवढं मला हातवाऱ्यांवरून कळलं होतं.

आणि मग, ताई, उचलली जीभ लावली टाळ्याला. तुला माझा स्वभाव ठाऊकच आहे. आरुषीला सुट्टी होती, वेस्नाने आम्हा दोघींना चहाला बोलावलं होतं. दुभाषी आयती मिळाली म्हणून मला चेव आला. म्हटलं, हिला सांगू या की तुझं नाव आमच्या भाषेत किती रुबाबाचं आहे, भल्या भल्या बैलांना वठणीवर आणणारं! नवऱ्याचे मळे सांभाळलेल्या बाईला हे आवडायला हवं. मी उठून बैल झाले, हंबरले, नाकपुडीत बोट घातलं, दोरी ओढून दाखवली. आरुषीचं मराठी तुला माहीत आहे, समजतं सगळं आणि बाहेर येतं निम्मं. तिने शांतपणे सांगितलं, ‘आजी सेज़ युअर नेम इज़ द रोप दॅट गोज़ अप अ काउज़ नोज़.’ बैलाची गाय करून टाकली कारटीने!

वेस्नाचा चेहरा उतरला. कप खाली ठेवला आणि उठून आत गेली. आम्ही थोडा वेळ बसलो आणि चोरासारख्या निघून आलो. वाटेत आरुषी म्हणाली, ‘आजी, शी लुक्ड हीप्स सॅड.’ फारच दुःखी झाली म्हणे, जणू मला दिसलंच नव्हतं. दोन दिवसांनी मी सगळ्यात चांगला चिवडा केला, खोबरं मुठीने घातलं, आणि पोरीच्या हाती पाठवला. डबा परत आला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. त्या रिकाम्या डब्याने माझ्या जिवाला जो घोर लावला, तो शत्रूलाही लागू नये.

त्यानंतर मी कुंपणाकडे फिरकलेच नाही. पडद्याआडून बघायचे. ती दिसली की आत सरायचे. पण मास्तरीण आहे मी, चूक झाली तर अभ्यास करून सुधारायची एवढंच मला येतं. रोज इथल्या लायब्ररीत जाऊन बसायला लागले. तिथल्या मुलीने कॉम्प्युटर लावून दिला आणि मी वेस्ना या नावाच्या मागे हात धुऊन लागले. केवढी थोर माणसं या नावाची, ताई! क्रोएशियाची आत्ताची परराष्ट्रमंत्री वेस्ना. एक मोठी कवयित्री वेस्ना. आणि एक हवाईसुंदरी वेस्ना वुलोविच. नावाच्या घोळात दुसऱ्या वेस्नाच्या जागी हिला विमानात पाठवलं म्हणतात, ते विमान आभाळात फुटलं, आणि ही तेहतीस हजार फुटांवरून खाली पडून जिवंत राहिली! हाडं मोडली, पण पुन्हा चालायला लागली, आणि पुढे खुशाल विमानातून फिरायची. आजही बेलग्रेडला आहे.

आणि नावाचा अर्थ वाचला तेव्हा मी तिथेच, लायब्ररीत, पदर डोळ्यांना लावला. वेस्ना म्हणजे वसंत ऋतू. त्यांचा शब्द आणि आपला शब्द एकाच मुळाचे. म्हणजे कुंपणापलीकडे इतके दिवस वासंतीच उभी होती आणि मी तिला बैलाची दोरी म्हटलं.

मग भाषण तयार केलं. इंग्रजीत. आरुषीने छडी हातात घ्यायचीच बाकी ठेवली होती, एवढं घोकून घेतलं. शेवटी ती ‘स्वीट ॲज़’ म्हणाली तेव्हा माझी पास झाल्याची खात्री पटली. गेल्या रविवारी मी ठेवणीतली पैठणी नेसून, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन तिच्या दारात उभी राहिले. दारात नुकतीच ठोकलेली घर विकायची पाटी. तिचा मुलगा खोकी भरत होता. मला बघून म्हणाला, ‘यू मस्ट बी चाकू.’

वेस्ना शुक्रवारीच गेली, ताई. आपल्या गावी, बहिणीकडे, कायमची. मी घोकलेलं भाषण तिच्या मुलापुढेच सुरू केलं, पण परराष्ट्रमंत्र्यांपाशीच त्याने मला थांबवलं. म्हणाला, रागावली? कोण, आई? तिच्या लहानपणी त्यांच्या घरी एक बैल होता. ही दोरी धरून त्याला पाण्यावर न्यायची आणि धाकटी बहीण मागून यायची. त्या दिवशी मी हंबरले आणि तिला ते सगळं आठवलं. आत जाऊन तिने रडत रडत बहिणीला फोन लावला, आणि रात्री मुलाला सांगितलं, मला घरी जायचंय. ‘अँड शी केप्ट वेटिंग बाय द फेन्स फॉर यू,’ तो म्हणाला. चाकूला काय झालं, कुंपणाशी का येत नाही, म्हणून सारखी विचारायची.

मी विचारलं, मग डबा रिकामा का? तर म्हणाला, अंजिरं संपली होती.

हंगाम संपला होता, ताई. बाकी काही नाही. आणि तिचे इथले उरलेले दिवस मी पडद्याआड, माफीचं भाषण पाठ करण्यात घालवले. झाडाखालून चार पावलं चालत गेले असते तर तिला मिठी मारून निरोप देता आला असता. फार वाईट वाटतं. पुरणपोळ्या मुलाने खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या म्हणाला.

दाजींना जयभीम, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
शकू

ता. क. – तुला ये म्हणणार नाही हा शब्द मी पाळलाय, पण माहिती म्हणून सांगते. वेस्ना ऐंशीची आहे आणि विमानं बदलत बदलत दीड दिवस प्रवास करून बहिणीकडे पोचली. शिवाय तुझ्याच नावाची बाई तेहतीस हजार फुटांवरून पडूनही वाचते. तेव्हा तुला तरी घाबरायचं कारण नाही.

ता. क. २ – त्या विमानातलं दुसरं कोणी वाचलं नाही, हे लिहिणार नव्हते. पण तुझ्यापासून काय लपवायचं? दाजींना वेगळ्या विमानाने पाठव.

ता. क. ३ – खरं सांगू? मलाच घरी यायचंय. सुनीतीला सांगितलंय, ती रडली आणि जा म्हणाली. पण तिला रजा नाही, आणि एकटीने विमानात बसायची माझी छाती होत नाही. येताना नाशिकपासून ऑकलंडपर्यंत मी तिचा हात सोडला नव्हता, हे तिने तुला सांगितलं नसेल. पोरगी गुणाची. तर ताई, तू मला न्यायला ये. सप्टेंबरात ये, इथे तेव्हा वसंत असतो. आपल्या पवळ्या बैलाला ओढ्यावर नेताना तू पुढे वेसण धरायचीस आणि मी मागून शेपटीला धरून यायचे, भीती वाटते म्हणून. तू पुढे हो. मी मागून येते.