गेस्टहाउसच्या खिडकीतून

सोहार (ओमान), १४ जून २०२५

चि. अनय यास अनेक आशीर्वाद.

आम्ही मजेत. दयानंदची कंपनीतली शिफ्ट बदलली, आमच्या तेजश्रीची परीक्षा संपली. तुझं पुस्तक मिळालं. तीन दिवसांत वाचून काढलं आणि तेव्हापासून डोकं तडकलंय.

इंग्लंडमधल्या त्या गावावर किती प्रेमाने लिहिलंयस! अडीचशे वर्षांपूर्वी जमीनदाराला हवेलीतून जुनी वस्ती दिसायची, म्हणून त्याने ती पाडली आणि टेकडीमागे रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकसारखी चाळीस घरं बांधली. पांढऱ्या भिंती, गवती छपरं, दोन कुटुंबांत एक दार. 'गावकरी कृतज्ञ होते,' म्हणतोस. कुणाला विचारलंस?

शेवटच्या प्रकरणात आमची ही कंपनीची कॉलनी. तू त्या गावावरून आखलेली, म्हणून तुझी लाडकी. उतरती छपरं, मधोमध हिरवळ. इथे पाऊस पडतो किती, अनय? पश्चिमेच्या काचा तापतात म्हणून आम्ही आतून पुठ्ठे लावले, तर कंपनीची नोटीस: 'दर्शनी भाग बिघडतो.'

आणि मेसमधले हुसैनमियाँ? त्यांच्यावर एक ओळ नाही. रत्नागिरीकडचे, बावीस वर्षं इथल्या कामगारांच्या जुन्या क्वार्टर्समध्ये राहिलेले. तू आलास तेव्हा आठ दिवस त्यांच्या हातचं सुरमईचं कालवण ओरपलंस. कॉलनीसाठी क्वार्टर्स पाडली. आता ते पन्नास किलोमीटरवरच्या लेबर कॅम्पात राहतात आणि रोज बसने येतात.

तुला इतकं बोलतेय, पण एक गोष्ट मघापासून गिळतेय. गेस्टहाउसच्या खिडकीत तू विचारलं होतंस, "ताई, इथून काय खटकतं?" मीच म्हणाले, "ती क्वार्टर्सची ओळ. कसले कपडे वाळत घालतात!" तू नकाशावर काट मारलीस. आपण दोघं हसलो.

काल कॅम्पात जाऊन हुसैनमियाँना हे सांगितलं. ते शर्टाला बटण लावत होते. हात थांबला नाही.

"बाई, तुमच्या भावाला एवढंच विचारा. कॉलनीच्या गेटवर आम्ही दुपारी तासभर बसची वाट बघतो. नकाशात तिथे सावली का नाही काढली?"

चहा घेणार का, असं त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

मला उत्तर लिहू नकोस. त्यांना लिही. पत्ता मागच्या बाजूला आहे.

तुझ्याइतकीच दोषी,
नूतनताई