सामायिक गच्ची

प्रिय दुसरा मजला,

या नावाने हाक मारणारं तुला आता कुणी उरलं नसेल. मी चौथा मजला. अजून तिथेच राहते. तेच दार, खिडकीपाशी तेच रफूचं टेबल. समोर उंच इमारत झाली आहे, त्यामुळे दुपारीच दिवा लावावा लागतो. काळ्या कापडात काळा धागा घालायचा तर उजेड हवाच, आणि माझे डोळे पूर्वीचे नाहीत. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. चांगला माणूस होता. मुलगी दूर असते, फोन करते.

वीज आयोगाच्या अध्यक्षपदाची तुझी मुदत संपल्याचं पेपरात वाचलं. तू त्या खुर्चीत होतास तोवर लिहिणं बरं दिसलं नसतं.

आपली गच्ची तू आता ओळखणार नाहीस. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या एका कडेला सरकल्या. बाकी सगळीकडे सोलर पॅनेल आहेत, उन्हाकडे तोंड करून तिरकी मांडलेली. त्यांच्या सावलीमुळे माझं छत तापायचं थांबलं. पूर्वी संध्याकाळीसुद्धा भिंतीला हात लावता यायचा नाही, आठवतं? तू म्हणायचास, तुमच्या घरात भाकरी नुसती भिंतीवर थापली तरी भाजेल. आता दुपारची झोप लागते. पाण्याची टाकी जिथल्या तिथे आहे. टाकीमागे, जिथे आपण बसायचो, तिथे इन्व्हर्टर बसवला आहे. ऊन चढलं की तो बारीक गुणगुणायला लागतो. मी कधीकधी काही काम नसताना वर जाते, आणि ते ऐकत उभी राहते.

जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट त्या उन्हावर चालतात. तेवढंच. उरलेली वीज तारांवाटे बाहेर निघून जाते, कारण नियम तसा आहे: एका छपराची वीज एकाच मीटरला. ज्याचं स्वतंत्र घर आहे तो आपल्या छपरावर पॅनेल बसवतो आणि आपल्या घरात वीज वापरतो. आमचं छप्पर सगळ्यांचं, म्हणून ते कुणाचंच नाही. तळमजल्यावर सिस्टरबाई राहतात, निवृत्त नर्स. त्यांच्या नवऱ्याला श्वासासाठी ऑक्सिजनचं यंत्र लागतं. ते सतत चालू असतं. विजेचं बिल आवाक्यात राहावं म्हणून बाई पंखा बंद करून बसतात, वर्तमानपत्राने वारा घेतात. डोक्यावर गच्चीभर वीज तयार होत असते आणि त्यांच्या खोलीत त्यातली थेंबभरही येत नाही. बाई म्हणतात, गच्ची सगळ्यांची, ऊन सगळ्यांचं, मग वीज एकट्या जिन्याची कशी? जिना काय बसून टीव्ही बघतो?

म्हणून आम्ही आयोगाकडे अर्ज केला. एका गच्चीवरची वीज इमारतीतल्या घरांच्या बिलांत वाटून धरावी, एवढंच मागितलं होतं. आमचे सेक्रेटरी (त्यांना सगळे फ्यूज म्हणतात, कारण चटकन उडतात) सुनावणीची सूचना घेऊन घरोघर फिरले. खाली तुझं नाव होतं. फ्यूज म्हणाले, आयोगाच्या तिघांतला एक आपल्या बाजूचा आहे, एक विरुद्ध आहे, पण अध्यक्ष आपलाच माणूस. त्याने भाषणात सांगितलंय, रिकामं छप्पर म्हणजे वाहत्या नळाखाली बादली न लावणं. आपलाच माणूस. मी मान खाली घालून टाके घालत राहिले.

बोलायला कुणी जायचं यावर चर्चा झाली. सिस्टरबाईंना घर सोडता येत नाही. फ्यूज बोलले असते तर पहिल्या वाक्यालाच उडाले असते. मग सगळे म्हणाले, रफूवाल्या ताईंना पाठवा, त्या सावकाश बोलतात. मी आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. सिस्टरबाईंसाठी हो म्हटलं, हे खरं आहे. तू मला ओळखतोस का ते बघायचं होतं, हेही खरं आहे.

तुला तो जिना आठवत असेल. आपण गच्चीवरून उतरत होतो. तुझा राखाडी स्वेटर माझ्या हातात होता, कोपराचं रफू अर्धं झालेलं. तुझे वडील समोरून आले आणि थांबले. ही कोण, त्यांनी विचारलं. तू म्हणालास, काय माहीत, वरची कुणीतरी असेल, ओळख नाही. आणि त्यांच्यामागून खाली उतरलास. पुढे तुम्ही घर सोडलंत. तुझ्यावर माझा राग नाही. तू लहान होतास, वडील कडक होते. पण ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं. पायात मोडलेला काटा असतो तसं. रोज दुखत नाही, पण पाय विशिष्ट तऱ्हेने टेकला की कळतं.

सुनावणीच्या हॉलमध्ये मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते. तुझे केस पांढरे झाले आहेत, तुला शोभतात. वीज कंपनीच्या वकिलाने बराच वेळ घेतला. हे सगळे उन्हावर गेले तर तारांचा खर्च कुणी उचलायचा, ज्यांना छप्परच नाही त्यांनी? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माझं उत्तर तयार होतं. तारांचं भाडं घ्या, आम्ही देऊ. पण आमची दुपारची वीज शेजारच्या गल्लीतच वापरली जाते, ती लांबून आणावी लागत नाही, तेही हिशेबात धरा. मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी उभी राहिले. तू चष्म्यावरून वर पाहिलंस.

आणि म्हणालास, थांबा. या बाईंची आणि माझी जुनी ओळख आहे. मी या प्रकरणात बसणं योग्य नाही.

फाइल मिटलीस आणि बाजूच्या दाराने निघून गेलास. मी नंतर बोलले. काय बोलले ते आठवत नाही. फ्यूज म्हणतात, चांगलं बोललात.

उरलेल्या दोघांपैकी एकाचं मत आमच्या बाजूने पडलं, एकाचं विरुद्ध. सारखी मतं म्हणजे जुना नियम कायम. बसमध्ये फ्यूज बडबडत होते, आपलाच माणूस ऐन वेळी शेपूट घालून पळाला. मी खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर सिस्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो पण ताई, एवढी कसली ओळख? म्हटलं, एका इमारतीत राहायचो. त्या म्हणाल्या, एका इमारतीत तर फ्यूजही राहतात, त्यांच्यासाठी कोण खुर्ची सोडेल? आतल्या खोलीत यंत्र चालू होतं. बाईंनी पुन्हा पंखा बंद केला. मला त्यांच्याकडे बघवेना, कारण त्यांचं नुकसान झालं होतं आणि मला आतून भरून आलं होतं. त्यातलं एकच खरं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आता पुन्हा अर्ज केला आहे. या खेपेला आसपासच्या इमारतीही बरोबर आहेत. अध्यक्ष नवीन आहे, आणि सूचनेत लिहिलंय की कुणालाही येऊन मत मांडता येईल. सिस्टरबाईंचे यजमान आहेत, पण वाळले आहेत फार. या निकालाला उशीर झालेला आम्हाला परवडणार नाही. तुझी खुर्ची सुटली आहे, तेव्हा तुला आता उठून जायचं कारण नाही. हे नियम तुला आमच्यापेक्षा कळतात. आमच्या रांगेत बस, आणि तुझं मन घेत असेल तर बोल. पण आधी एकदा गच्ची बघून जा. तुझ्या स्वेटरचं कोपर मी तेव्हाच पूर्ण केलं होतं, तोही नेता येईल, आता होणार नाही तुला. उन्हावर चालणारी लिफ्ट आहे, तरी जिन्याने ये. तळमजल्यावर सिस्टरबाई दार उघडून मला विचारतील, हे कोण? तू काही बोलू नकोस. मी सांगेन.

तुझीच,
चौथा मजला