तारा मी लावल्या होत्या

बोटुकाटू, ४ ऑगस्ट १९९९

चिरंजीव जांदीरास,

बाबाचे आशीर्वाद. ऑगस्टची थंडी फार आहे, गुडघे बोलतात. तुझा पत्ता चुकू नये म्हणून आधीच दोन पाकिटं लिहून फाडली. माझं शिक्षण तुला माहीत आहे, अक्षर लावून घे.

गेल्या आठवड्यात एक बाई ८१ सालची 'गोल' नावाची मोटार ओढून घेऊन आल्या. तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. गाडी चालू होईना, नुसती फटफट बार काढायची. मी बॉनेट उघडलं आणि म्हणालो, "बाई, ही नावाची गोल. पोटात त्या जुन्या कासवासारख्या गाडीचं, फुस्काचं इंजिन आहे, वाऱ्यावर थंड होणारं."

"मग फुस्कावाल्या मेकॅनिकांना जमलं का नाही?"

"त्यामुळेच नाही जमलं. फुस्कात इंजिन मागे, हिच्यात पुढे. पुढे आणताना त्याचं तोंड फिरलं. फुस्काचा पहिला सिलिंडर प्रवाशाच्या बाजूला, हिचा ड्रायव्हरच्या. त्यांनी प्लगच्या तारा जुन्या सवयीने लावल्या."

तारा बदलल्या. पहिल्या किल्लीला चालू. या कामात मला अजून कोणी हात धरून शिकवायला नको.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

मी पाना पुसत बसलो. पुसून झाल्यावरही पुसत होतो.

वाल्दोमीरोची नवी टॅक्सी आठवते ना, तीही अशीच गोल? तू म्हणाली होतीस, "बाबा, ड्रायव्हरची बाजू विसरा. फुस्काच्या मागे उभे राहता तसे हिच्या पुढ्यात उभे राहा आणि मोजा." मी म्हणालो, "तू कॉफी ठेव." तू आत गेलीस, मी तारा लावल्या, आणि असा बार निघाला की माझ्या भुवया जळाल्या. वाल्दोमीरो हसला. तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, पोरीच्या हाती तारा दिल्या की हेच होणार. सोमवारी तू कॅम्पिनासची बस धरलीस.

अठरा वर्षं झाली. मी बाईंना सांगितलं, "माझ्या मुलीने शिकवलं." वाल्दोमीरोलाही काल सांगून आलो. म्हणाला, "म्हाताऱ्या, ते मला तेव्हाच कळलं होतं."

गॅरेजच्या पाटीवरचं माझं नाव खरवडलं आहे. रंगारी विचारतो, "जांदीरा येणार का नक्की? नाहीतर रंग फुकट जायचा." मी म्हणालो, "तुम्ही रंगवा."

तेव्हा तुझ्या नावावर पुसलेली काजळी आज स्वतःच्या हातावर घेणारा,
तुझा बाबा
ओलेगारियो